डेटोना : घड्याळ भारी की रांग भारी?

रोलेक्स डेटोनाला घड्याळवेड्यांच्या दुनियेत देवाचा दर्जा आहे. तो त्याच्या मशीनने मिळवला, एका हिरोच्या मनगटाने मिळवून दिला, की दुकानाबाहेरच्या वेटिंग लिस्टने?

इन्स्टावर ‘वॉच’ असं नुसतं सर्च करून बघा. दहा मिनिटांत तुमचं फीड पालटतं. स्टिअरिंगवर ठेवलेला हात, शर्टाची बाही जरा मागे सरकवलेली आणि मनगटावर तीन छोट्या गोल डायल असलेलं घड्याळ. खाली कॉमेंट्समध्ये एकच शब्द, ‘डेटोना’. कुणी विचारतं ‘कितीला?’, कुणी विचारतं ‘कसं मिळालं?’ गंमत म्हणजे दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. कारण हे घड्याळ पैसे असले तरी मिळेलच असं नाही.

घड्याळांचा नाद असलेल्या मंडळींत डेटोनाबद्दल कायम दोन पार्ट्या असतात. एक म्हणते, यापेक्षा चांगला क्रोनोग्राफ झाला नाही. दुसरी म्हणते, सगळी हवा आहे, नाव काढून टाका, मग बघू कोण घेतंय. दोघांचंही अर्धंअर्धं खरं आहे. पण ते अर्धं नेमकं कुठलं, हे समजून घेतलं तर घड्याळापलीकडचंही बरंच काही कळतं. बूट असोत, फोन असोत की कॉन्सर्टची तिकिटं, हाइपचं गणित सगळीकडे सारखंच असतं.

आधी हे आहे काय?

क्रोनोग्राफ म्हणजे ज्या घड्याळात स्टॉपवॉचही आहे असं घड्याळ. बाजूला दोन बटणं असतात. वरचं दाबलं की मधला लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. डेटोनाच्या तीन छोट्या डायलपैकी एक रोजच्या वेळेचे सेकंद दाखवते, बाकीच्या दोन स्टॉपवॉचची मिनिटं आणि तास मोजतात.

काचेभोवतीच्या कडीवर, म्हणजे बेझलवर, आकडे कोरलेले असतात. तो टॅकीमीटर. समजा, तुम्ही मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर गाडीत बसला आहात (चालवत नाही आहात, हे महत्त्वाचं). किलोमीटरचा एक दगड गेला की बटण दाबायचं, पुढचा आला की पुन्हा दाबायचं. काटा ३६ सेकंदांवर थांबला, तर त्याच्यासमोर बेझलवर १०० दिसतं. म्हणजे वेग ताशी १०० किलोमीटर. ४५ सेकंद लागले तर ८०. साधा भागाकार आहे, फक्त तो आधीच करून कडीवर लिहून ठेवलाय. एकेकाळी रेसिंगवाल्यांना याचा खरोखर उपयोग होता.

दुकानात पडून राहिलेलं घड्याळ

डेटोनाचा जन्म १९६३चा. नाव आलं अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या डेटोना रेस ट्रॅकवरून. पण सुरुवातीच्या काही जाहिरातींत तर फ्रान्समधल्या रेसवरून ‘ले मान्स’ असंही नाव होतं. म्हणजे ‘डेटोना’ हे नाव पहिल्या दिवसापासून पक्कंही नव्हतं.

आतलं मशीनही रोलेक्सचं नव्हतं. ते होतं वाल्जू या स्विस कंपनीचं, रोज चावी द्यावी लागणारं. टॅकीमीटर बेझलवर आणण्याची आयडियाही पहिली नव्हती. ओमेगाच्या स्पीडमास्टरने ती १९५७मध्येच आणली होती. आणि स्पीडमास्टरने पुढे कमाल केली. १९६५मध्ये नासाने चाचण्या घेऊन अंतराळवीरांसाठी तेच घड्याळ पक्कं केलं आणि १९६९मध्ये ते बझ ऑल्ड्रिनच्या हातावर बसून चंद्रावर गेलं.

त्याच १९६९मध्ये घड्याळांच्या दुनियेत आणखी एक शर्यत चालू होती. चावी न देता, हाताच्या हालचालीवर आपोआप चालणारा क्रोनोग्राफ आधी कोण आणतं? झेनिथने ‘एल प्रिमेरो’ आणला. हॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या जोडीदारांनी मिळून आपला आणला. जपानच्या सैकोनेही आणला. या शर्यतीत रोलेक्स नव्हतीच. आपोआप चालणारं डेटोना यायला १९८८ उजाडलं. जवळजवळ दोन दशकं उशिरा.

थोडक्यात, पहिली पंचवीस वर्षं डेटोना हे चांगलं, पण कुठल्याच बाबतीत ‘पहिलं’ नसलेलं घड्याळ होतं. खपही बेताचाच. त्यातही एक वेगळ्या डिझाइनची, दोन-तीन रंगांची, चौकोनी खुणांची डायल होती, ती तर दुकानदारांकडे पडून राहायची.

आज त्याच डायलच्या घड्याळावर लिलावात उड्या पडतात. मधे झालं काय? पॉल न्यूमन.

‘सावकाश चालव’

पॉल न्यूमन हा हॉलिवूडचा सुपरस्टार. नट तर होताच, पण तो नुसता पोझपुरता रेसर नव्हता. १९७९मध्ये ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याची टीम दुसरी आली आणि १९९५मध्ये, वयाच्या सत्तरीत, डेटोनाच्याच २४ तासांच्या शर्यतीत त्याची टीम आपल्या गटात पहिली आली. त्याची बायको, अभिनेत्री जोआन वुडवर्ड हिने त्याला एक डेटोना भेट दिलं होतं. मागच्या बाजूला तिने सांभाळून गाडी चालवण्याची प्रेमळ ताकीद कोरून घेतली होती. डायल तीच, न खपणारी.

ऐंशीच्या दशकात इटलीतल्या संग्राहकांनी या डायलला ‘पॉल न्यूमन’ असं टोपणनाव दिलं आणि भाव चढायला लागला. न्यूमनने स्वतःचं घड्याळ १९८४मध्ये मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं होतं. तेच घड्याळ ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कला लिलावात आलं आणि १ कोटी ७७ लाख डॉलरच्या पुढे गेलं. तेव्हाच्या दराने साधारण ११५ कोटी रुपये! मनगटी घड्याळासाठी तोवरचा तो जागतिक विक्रम होता. दोन वर्षांनी पाटेक फिलिपच्या एका घड्याळाने तो मोडला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ११५ कोटींपैकी मशीनचे किती? जवळजवळ शून्य. तसंच मशीन असलेली इतर कंपन्यांची घड्याळं त्याच काळात किरकोळ भावात मिळत होती. पैसे मोजले गेले ते एका माणसासाठी, त्याच्या बायकोच्या चार अक्षरांसाठी आणि एका गोष्टीसाठी. त्यात वाईट काही नाही. सचिनची बॅट आणि दुकानातली बॅट एकाच लाकडाची असते, तरी किंमत एक नसते. फक्त ‘घड्याळ भारी म्हणून महाग’ आणि ‘गोष्ट भारी म्हणून महाग’ यांची गल्लत करू नये.

माळ्यावर लपवलेलं मशीन

डेटोनाच्या मशीनची खरी गोष्ट मात्र फिल्मी आहे आणि ती रोलेक्सच्या नव्हे, झेनिथच्या कारखान्यात घडली. १९७०च्या दशकात बॅटरीवर चालणारी स्वस्त क्वार्ट्झ घड्याळं आली आणि स्वित्झर्लंडमधले कारखाने धडाधड बंद पडायला लागले. झेनिथची मालकी तेव्हा एका अमेरिकन कंपनीकडे होती. १९७५मध्ये आदेश आला : जुन्या पद्धतीची यांत्रिक घड्याळं बंद, त्यांची हत्यारं काढून टाका.

तिथे शार्ल व्हेर्मो नावाचा एक फोरमन होता. त्याला हे पटेना. त्याने एल प्रिमेरो बनवायची हत्यारं, साचे, कागदपत्रं हळूहळू कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवली. नीट नोंदी करून ठेवल्या. ऐंशीच्या दशकात यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली, तेव्हा ती सगळी सामग्री खाली आली आणि झेनिथचं मशीन पुन्हा सुरू झालं.

रोलेक्सने १९८८च्या डेटोनासाठी हेच मशीन घेतलं. पण जसंच्या तसं नाही. एल प्रिमेरो तासाला ३६,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे ते सेकंदाचा दहावा भाग मोजू शकतं. रोलेक्सने ते २८,८००वर, म्हणजे सेकंदाला आठ ठोक्यांवर आणलं. तारीख काढून टाकली. का? ठोके कमी म्हणजे झीज कमी, सर्व्हिसिंग उशिरा. मोजण्यातली बारकाई थोडी सोडली आणि टिकाऊपणा घेतला. रोलेक्सचा स्वभाव इथे कळतो. या कंपनीला पहिलं येण्यात फारसा रस नाही. चाललेली गोष्ट घासून-पुसून वर्षानुवर्षं बिनतक्रार चालेल अशी करण्यात आहे.

२००० साली फिरलेला पत्ता

२०००मध्ये रोलेक्सने डेटोनासाठी स्वतःचं मशीन आणलं, नंबर ४१३०. डेटोनाच्या चाहत्यांना सगळ्यात भक्कम मुद्दा मिळतो तो इथे.

जुन्या पद्धतीच्या बऱ्याच क्रोनोग्राफमध्ये स्टॉपवॉच सुरू करताना एक चाक बाजूने सरकून दुसऱ्या फिरत्या चाकात अडकतं. दाते नीट जुळले नाहीत तर काटा सुरुवातीलाच हलकीशी उडी मारतो. ४१३०मध्ये गाडीच्या क्लचप्लेटसारखी रचना आहे. वरखाली असलेल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि काटा न अडखळता निघतो. शिवाय स्टॉपवॉच तासन् तास चालू ठेवलं तरी घड्याळाच्या चालीवर फारसा परिणाम होत नाही. ही रचना रोलेक्सने शोधलेली नाही, सैकोने ती १९६९मध्येच वापरली होती. पण रोलेक्सने स्टॉपवॉचसाठी लागणारे सुटे भाग बरेच कमी केले, जी जागा उरली तिथे मोठी स्प्रिंग बसवली आणि एकदा पूर्ण चावी भरल्यावर घड्याळ ७२ तास चालायला लागलं. शुक्रवारी रात्री काढून ठेवा, सोमवारी सकाळी चालूच.

भाग कमी म्हणजे बिघाड कमी आणि दुरुस्तीही सोपी. इंजिनीअरिंगच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. काही जोडण्यापेक्षा काढून टाकणं जास्त अवघड असतं. हे मशीन तेवीस वर्षं फारसा बदल न करता चाललं. २०१६मध्ये स्टीलच्या मॉडेलला ओरखडे न पडणारं सिरॅमिक बेझल आलं आणि २०२३मध्ये ४१३१ हे सुधारित मशीन. दिवसाला जास्तीत जास्त दोन सेकंद पुढेमागे, असा कंपनीचा दावा आहे. यांत्रिक घड्याळासाठी हे खरंच उत्तम आहे.

आता दुसऱ्या पार्टीचंही ऐकू. डेटोनाची बटणं पाणी शिरू नये म्हणून स्क्रूसारखी आवळलेली असतात. म्हणजे स्टॉपवॉच सुरू करायचं तर आधी बटण फिरवून सैल करा, मग दाबा. तोपर्यंत गाडी गेलेली असते! आणि कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू, ते हजार-दीड हजाराचं प्लॅस्टिकचं घड्याळ, महिन्याला ३० सेकंद पुढेमागे होतं, म्हणजे दिवसाला साधारण एक सेकंद. वर त्याचं स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, डेटोना आठवा. निव्वळ वेळ मोजायची तर स्पर्धाच नाही, कॅसिओ जिंकतं. त्यामुळे डेटोनाची तुलना कॅसिओशी नाही, हार्मोनियमची कीबोर्डशी करतो तशीच करायला हवी. सूर कीबोर्डमध्येही लागतात. पण भात्याची पेटी हाताने जुळवणाऱ्या कारागिराचं कौतुक वेगळं.

चेतकची रांग आणि डेटोनाची रांग

आता येतो रांगेवर. २०२३मध्ये स्टीलच्या नव्या डेटोनाची अमेरिकेतली किंमत सुमारे १५ हजार डॉलर होती, म्हणजे साडेबारा लाखांच्या आसपास. पण दुकानात जाऊन ‘एक द्या’ म्हटलं तर मिळत नाही. नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. किती, ते कुणी सांगत नाही. कुणाला द्यायचं ते विक्रेता ठरवतो. जुन्या गिऱ्हाइकाला आधी. ज्याला मिळतं, तो ते सेकंडहँड बाजारात जवळजवळ दुप्पट भावाने विकू शकतो. २०२२च्या सुरुवातीला तर हा भाव तिपटीपर्यंत गेला होता.

ओळखीचं वाटतंय? घरात आजोबांना विचारा. १९७२मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी एकेकाळी अनेक वर्षं वाट पाहावी लागायची. नंबर लागला की स्कूटर घरी न नेता वर पैसे घेऊन विकणारेही होते. फरक एवढाच की, स्कूटर किती बनवायच्या यावर तेव्हा सरकारी लायसन्सची मर्यादा होती. रोलेक्सवर कुणाचीच नाही. कंपनी वर्षाला दहा लाखांहून जास्त घड्याळं बनवते, असे बाजारातले अंदाज आहेत. त्यात डेटोना किती बनवायची, हा तिचा स्वतःचा निर्णय.

कंपनीचं म्हणणं, टंचाई ही आमची चाल नाही, दर्जा न घालवता यापेक्षा जास्त बनवणं जमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बुल इथे मोठा कारखाना उभारण्याचं काम तिने हाती घेतलंय, तो २०२९च्या सुमाराला सुरू व्हायचा आहे. त्यामुळे या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण टंचाईने कंपनीचं नुकसान होतं असंही दिसत नाही. डिसेंबर २०२२मध्ये रोलेक्सने निवडक विक्रेत्यांमार्फत स्वतःच्या जुन्या घड्याळांची प्रमाणित विक्री सुरू केली आणि २०२३मध्ये बुखरर ही मोठी दुकानसाखळीच विकत घेतली. सेकंडहँड बाजारात पूर्वी जो मलिदा फक्त दलाल खायचे, त्या पंगतीत आता अधिकृत दुकानंही बसली.

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांमधला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचा आयातकर टप्प्याटप्प्याने सात वर्षांत संपणार आहे. ‘म्हणजे डेटोना स्वस्त होणार’ असे मेसेज फिरताहेत. इतर स्विस घड्याळांच्या बाबतीत फायदा होऊ शकतो. डेटोनाच्या बाबतीत मात्र थोडं थांबा. जी वस्तू किमतीमुळे नाही, तर मालच नसल्यामुळे मिळत नाही, तिचा कर कमी झाला तर रांग कमी होत नाही. दुकानातली किंमत आणि बाहेरचा भाव यातलं अंतर मात्र वाढू शकतं. म्हणजे कराची बचत गिऱ्हाइकाऐवजी पुन्हा विकणाऱ्याच्या खिशात!

हे सगळं मशीनच्या गुणांमुळे नाही, याचा पुरावा शेजारच्या शोकेसमध्येच आहे. झेनिथने २०२१मध्ये क्रोनोमास्टर स्पोर्ट आणलं. दिसायला बरंचसं डेटोनासारखं, आत त्याच एल प्रिमेरोचा वंशज, आजही सेकंदाचा दहावा भाग मोजणारा. किंमत कमी. दुकानात जा, मिळतं. आणि सेकंडहँड घेतलं तर मूळ किमतीपेक्षाही स्वस्त मिळतं.

‘इन्व्हेस्टमेंट आहे, भावा’

या विषयात कॉलेजच्या मुलांनी डोकं घालायचं कारण काय? आपल्यापैकी कोण लगेच डेटोना घेणार आहे? बरोबर. पण डेटोनाच्या नावाने चालणाऱ्या दोन धंद्यांचं गिऱ्हाईक आपणच आहोत.

पहिला धंदा ‘घड्याळ ही गुंतवणूक आहे’ असं सांगणाऱ्या रील्सचा. २०२२च्या सुरुवातीला भाव शिखरावर होते. मग व्याजदर वाढले, क्रिप्टो कोसळलं आणि घड्याळांचे भावही घसरले. ज्यांनी शिखरावर घेतलं, त्यातही उधारीवर, त्यांना ते उतरत्या भावाने विकावं लागलं. स्टीलचं डेटोना आजही मूळ किमतीच्या वर आहे, पण ते अपवाद आहे. बहुतेक महाग घड्याळं दुकानाबाहेर पडताच नव्या गाडीसारखी उतरतात. रील्समध्ये फक्त तो अपवाद दाखवतात आणि ईएमआयवर भलतंच घड्याळ गळ्यात मारतात.

दुसरा धंदा ‘फर्स्ट कॉपी’चा. दोन-तीन हजारांत डेटोना! स्वस्त नकलांमध्ये त्या तीन छोट्या डायल बऱ्याचदा शोभेच्या असतात किंवा वार आणि तारीख दाखवतात. बटण दाबलं की स्टॉपवॉच सुरू होण्याऐवजी सोमवारचा मंगळवार होतो. बनावट ट्रेडमार्कचा माल विकणं हा गुन्हा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याच दोन-तीन हजारांत खऱ्या नावाचं, खरं चालणारं घड्याळ मिळतं. आणि नक्कल घालून आपण लोकांना सांगतो काय? मला घड्याळ आवडत नाही, फक्त तुम्हाला आवडलेलं दिसायला आवडतं.

मग मानायचं का?

डेटोना नावाजण्याच्या लायकीचं आहे का, या प्रश्नाचं एकच उत्तर नाही, कारण त्यात तीन प्रश्न दडलेत.

मशीन म्हणून? हो. २०००नंतरचं डेटोना हे रोज वापरता येणाऱ्या उत्तम यांत्रिक क्रोनोग्राफपैकी एक आहे, यात वाद नाही. पण ‘एकमेव’ नाही.

इतिहास म्हणून? अर्धं. रेसिंगचं नाव खरं, न्यूमनचं प्रेम खरं. पण संशोधनाचा मान झेनिथ, सैको, ओमेगा यांचा जास्त. आणि ज्या शार्ल व्हेर्मोच्या हट्टामुळे डेटोनाला बारा वर्षं मशीन मिळालं, त्याचं नाव डेटोना घालणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

किंमत आणि रांग म्हणून? नाही. दुकानातल्या किमतीवरचा प्रत्येक जादा रुपया हा घड्याळाचा नसतो, ‘माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही’ याचा असतो. तो ज्याला द्यायचाय त्याने खुशाल द्यावा. पण तो देऊन आपण उत्तम इंजिनीअरिंग विकत घेतलं, अशी स्वतःची समजूत घालू नये.

घड्याळं आवडत असतील तर सुरुवात मनगटापासून करू नका, मशीनपासून करा. घरातल्या कपाटात आजोबांचं बंद पडलेलं एचएमटी असेल तर ते एखाद्या जुन्या घड्याळजीकडे घेऊन जा, मागचं झाकण उघडून आत बघू द्या म्हणा. ती चाकं, ती स्प्रिंग, तो इकडून तिकडे डुलणारा बॅलन्स, मूळ तत्त्व डेटोनातही तेच आहे. दुरुस्तीला फार खर्च येत नाही आणि त्यासाठी नावही नोंदवावं लागत नाही.